व्याह्यांचा सुतार

६ जानेवारी २०२४, शनिवार

तोंडातून निघून गेलं आणि आता माघार नाही.

वरदाकडे केंब्रिजला जेवायला गेलो होतो. तिचे सासरे, मिस्टर लॉरिमर, नव्या वर्षाचे चार दिवस लेकाकडे राहायला स्कॉटलंडहून आलेत. जेवण झाल्यावर त्यांनी एक जाड फाइल काढली. घराण्याचा इतिहास. जावयाने, यूअनने, छताकडे बघितलं. तो ती फाइल लहानपणापासून बघतोय.

मूळ पुरुष विल्यम लॉरिमर. १७९४ साली केर्नमूर नावाच्या गावात लग्न. पेशा – रायटर. म्हणजे लेखक नव्हे, तिकडे वकिलाला रायटर म्हणायचे. तेव्हापासून सगळे वकील, अगदी मिस्टर लॉरिमरांपर्यंत. यूअन कॉम्प्युटरमध्ये गेला. त्यावर कुणी बोलत नाही.

"विल्यमचे आईवडील कोण, तेवढं कळायला हवं होतं," मिस्टर लॉरिमर म्हणाले. "पण चर्चच्या जुन्या वह्या आता मला वाचता येत नाहीत." त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. फक्त कडेकडेने दिसतं.

मी म्हटलं, "द्या, मी वाचते. हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं मेडिकल सेक्रेटरी होते. डॉक्टरांचं अक्षर लावलंय मी."

राजीवने टेबलाखालून पाय मारला. माझा नवरा आणि डॉक्टर, म्हणजे दोन्हीकडून दुखावलेला. पण पाय उशिरा मारला.

९ जानेवारी, मंगळवार

जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो वेबसाइटवर असतात. वरदाने फोनवरून सगळं उघडून दिलं. "आई, हा पासवर्ड लिहून ठेव, तुझी डोकं विसरतो." तिचं मराठी असंच. लिंग-वचन हीथ्रोलाच अडकलं.

केर्नमूरच्या कारकुनाचं अक्षर आमच्या हाडांच्या डॉक्टरांपेक्षाही वाईट. पाऊस पडल्यावर गांडुळं निघावीत तसं. चार तासांत दोन बायका सापडल्या. राजीवला म्हटलं, "एकीचं नाव जेफी आहे. दुसरीचं आडनाव रॉफ."

"जेसी. आणि रॉस," राजीव डोळे न उघडता म्हणाला. "तेव्हा एस लांब काढायचे. एफसारखा दिसतो."

"तुला कसं ठाऊक?"

"क्विझमध्ये होतं."

रिटायर झाल्यापासून टीव्हीवरची क्विझ आणि झोप. तीस वर्षं लोकांना भूल दिली, आता स्वतःला देतो. पण एस त्यानेच सोडवला हे मान्य करायला हवं. इथे केलं. त्याच्यासमोर करणार नाही.

१४ जानेवारी, रविवार

अकराला मिस्टर लॉरिमरांचा फोन. दर रविवारी अकरा असं ठरलंय. वरदाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यांच्याशी हवेपलीकडे बोलणं नाही. विहीण असती तर साड्या-रेसिपी काहीतरी निघालं असतं, पण त्या बिचाऱ्या यूअनच्या लग्नाआधीच गेल्या.

निम्मं बोलणं कळत नाही. 'हो' म्हणताना श्वास आत ओढतात. मला वाटलं दम लागला. राजीवला हाक मारणार होते.

शेवटी म्हणाले, "मला अ‍ॅलिस्टर म्हणा."

व्याह्यांना? नावाने?

"येस, मिस्टर लॉरिमर," मी म्हटलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

विल्यमची बायको जेनेट टॉड. लग्नानंतरही टॉड! मुलांच्या बाप्तिस्म्यात टॉड, मेल्यावर दगडावर टॉड. या वह्यांत सगळ्या बायका माहेरच्याच नावाने जगतात नि मरतात.

आणि मी? १९८२ साली पुण्यात ताटातल्या तांदळात अंगठीने 'उल्का' लिहिलं आणि पद्मजा संपली. राजीवला हे सांगितलं. म्हणाला, "मग बदल परत."

"पासपोर्ट, पेन्शन, जीपीचा दवाखाना, लायब्ररीचं कार्ड?"

"राहू दे मग," म्हणाला आणि डोळे मिटले.

२३ जानेवारी, मंगळवार

घोळ झालाय.

रायटर नाही. राइट आहे. कुणा पणजोबांनी घाईत वाचलं असणार. चार मुलांचे बाप्तिस्मे, चारही ठिकाणी स्वच्छ 'राइट'. राइट म्हणजे सुतार. खात्री करायला आणखी पानं चाळली. एका ठिकाणी लिहिलंय, विल्यम लॉरिमरने पाद्रीबाबांच्या घराला नवीन दार बसवलं आणि चर्चमधली करकरणारी पायरी दुरुस्त केली. वकील लोक पायऱ्या ठोकत नाहीत.

राजीवचं मत – सांगू नकोस. "पेशंटला सगळं सांगायचं नसतं."

"तुझे पेशंट झोपलेले असायचे. तुला कुणाला काही सांगावं लागलंच नाही."

त्याने क्विझचा आवाज वाढवला.

२८ जानेवारी, रविवार

सांगितलं. आधी हवा, मग त्यांचे डोळे, मग यूअनची नोकरी, आणि विसाव्या मिनिटाला सुतार.

 मग म्हणाले, "माझ्या वडिलांच्या ऑफिसच्या पितळी पाटीवर लिहिलेलं होतं. '१७९४पासून वकील.' मी लहानपणी ती पाटी पॉलिश करायचो."

मी सॉरी म्हटलं. सत्तावीस वर्षं डॉक्टरांच्या वतीने सॉरीची पत्रं टाइप केली, त्या सवयीने अगदी व्यवस्थित म्हटलं.

मग एक घरघर ऐकू आली. हसत होते! "मिसेस देवस्थळी, मी आयुष्यात एकच शेल्फ बसवलं. ते माझ्या बायकोच्या डोक्यावर पडलं."

४ फेब्रुवारी, रविवार

त्यांनी सगळ्या गावाला सांगितलंय. क्लबात, डेंटिस्टला, पोस्टात. वकील असण्यापेक्षा हे फारच बरं, म्हणतात. लोक वकिलाला बघून गप्प होतात, सुताराला बघून दाराची तक्रार सांगतात. यूअनला फोन करून विचारलं, तुझ्याकडे रंधा आहे का.

बोलता बोलता माझ्या तोंडून "अ‍ॅलिस्टर" गेलं.  त्यांनी श्वास आत ओढला.

११ फेब्रुवारी, रविवार

आता विल्यमचा जन्म. केर्नमूरमध्ये तीन विल्यम लॉरिमर जन्मले. पहिला दोन वर्षांचा असताना गेला. दुसरा समुद्रावर गेला आणि परतला नाही. तिसरा आपल्या विल्यमच्या लग्नात सहा वर्षांचा होता. त्याला जेनेट टॉडने पसंत केलं असेल असं वाटत नाही.

पण तिथली एक रीत उपयोगी पडतेय. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला यायचं, तसंच. विल्यमच्या पहिल्या मुलाचं नाव रॉबर्ट. म्हणजे बाप रॉबर्ट. आणि गावात रॉबर्ट लॉरिमर नावाचा एक सुतार आहेच! बायको इझोबेल रॉस – हीच ती रॉफ.

अ‍ॅलिस्टर एवढे खूश झाले की फोन ठेवायला विसरले. मी दहा मिनिटं त्यांच्या किटलीचा आवाज ऐकला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

रॉबर्ट आणि इझोबेलला मूल नाही. एकही नाही. पंचवीस वर्षांची पानं बघितली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा बघितली. नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. बाप्तिस्म्याच्या वहीत नव्हतंच. चर्चच्या पंचांच्या वहीत होतं, ज्यात गावातली भांडणं आणि भानगडी लिहीत. मी ती केवळ करमणूक म्हणून वाचत होते. (रविवारी कोबी उपटल्याबद्दल एका म्हातारीला दंड. एकाने प्रवचनात घोरल्याबद्दल माफी मागितली. ते राजीवला वाचून दाखवलं.)

मार्च १७७१. रॉबर्ट सुताराने सकाळी कारखाना उघडला, तर दारात टोपली. टोपलीत पंधरा दिवसांचा मुलगा. पंचांनी आई कोण याची चौकशी केली. गावातल्या सगळ्या अविवाहित बायकांना बोलावून उलटसुलट विचारलं. काही कळलं नाही. मग इझोबेलला बोलावलं. कारकुनाने तिचं उत्तर लिहून ठेवलंय. मी मराठीत लिहिते –

'मूल आमच्या दारात आलं, ते आता आमचं. यापुढे कुणी विचारू नये.'

पुढे लिहिलंय, विचारूनही ती अधिक काही बोलली नाही. नाव विल्यम ठेवलं.

माझं काम संपलं. आणि अ‍ॅलिस्टरच्या भिंतीवर लॉरिमर घराण्याचा वृक्ष टांगलाय, फ्रेम करून, तेराव्या शतकापासूनचा. फक्त विल्यम त्याला जोडायचा राहिला होता. आता विल्यमची फांदी त्या खोडाला लागतच नाही.

३ मार्च, रविवार

फोनवर म्हटलं, अजून शोधतेय. खोटं बोलले. सर्दीचं निमित्त करून लवकर ठेवला.

५ मार्च, मंगळवार

वरदाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, बी केअरफुल. तो मला खूप आवडते. तू त्याला रडवलास तर बघ."

राजीवला सांगितलं. या वेळी पूर्ण जागा होता. टीव्ही बंद केला. म्हणाला, "हे फोनवर नाही सांगायचं. अशी बातमी समोर बसून सांगतात. जाऊ या आपण." तिकिटं त्यानेच काढली. बेचाळीस वर्षांत मला हा माणूस पुरता कळलेला नाही.

६ एप्रिल, शनिवार. फाइफ, स्कॉटलंड

साउथहॅम्प्टनहून दिवसभर ट्रेन. तिखटमिठाच्या पुऱ्या यॉर्कपर्यंत संपल्या. स्टेशनवर अ‍ॅलिस्टर घ्यायला उभे. आम्ही समोर आलो तर मान एका बाजूला वळवली. आधी वाटलं रागावलेत. मग लक्षात आलं – कडेने बघतायत.

उद्या केर्नमूरला जायचं.

७ एप्रिल, रविवार

मी घरात सांगणार होते, बसून. पण अ‍ॅलिस्टरना थांबायचं नव्हतं. नाश्ता होताच टॅक्सी. चर्चचं आवार टेकडीवर, वारा असा की राजीव तीन स्वेटर घालून माझ्यामागे उभा. रॉबर्टचा दगड सापडला. त्यावर कुऱ्हाड आणि सुताराचा काटकोनी गुण्या कोरलाय, खाली 'इझोबेल रॉस, त्याची पत्नी'. अ‍ॅलिस्टरनी गुण्यावर बोट फिरवलं. "माझा पूर्वज," म्हणाले.

आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं वाटलं. राजीवने त्यांना शेजारच्या बाकावर बसवलं आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. मी पर्समधून कागद काढला आणि पंचांचं पान जसंच्या तसं वाचलं. पुण्याच्या उच्चारात जुनं स्कॉटिश इंग्रजी – त्या कारकुनाने ऐकलं असतं तर मलाच दंड केला असता.

अ‍ॅलिस्टर म्हणाले, "तिचं वाक्य परत वाचा."

वाचलं.

"परत."

वाचलं. मग ते उठले आणि एकटेच फाटकाकडे चालत गेले. मान सरळ, म्हणजे त्यांना काही दिसत नसणार. राजीव धावत जाऊन हाताला धरून घेऊन गेला.  घरी आल्यावर चहा केला, तो त्यांनी न पिता बेसिनमध्ये ओतला. जेवताना हवेबद्दल बोललो. सहा वर्षं मागे गेलो.

८ एप्रिल, सोमवार

परत. स्टेशनवर हात मिळवला, घट्ट. म्हणाले, "थँक यू, मिसेस देवस्थळी."

मिसेस देवस्थळी.

ट्रेनमध्ये राजीवला म्हटलं, "मी माती केली. कुणी सांगितलं होतं मला त्या वह्यांत नाक खुपसायला? लेकीचे सासरे आहेत, फाइल नव्हे."

"त्यांनीच सांगितलं होतं," राजीव म्हणाला. मग यॉर्क गेल्यावर, "मी पाय मारला होता."

१४ एप्रिल, रविवार

अकरा वाजले. साडेअकरा. बारा. फोन नाही. खुर्चीत बसून तीन वेळा रिसीव्हर उचलून बघितला, लाइन चालू होती.

१७ एप्रिल, बुधवार

वरदाचा फोन. अ‍ॅलिस्टरनी त्या दोघांना शनिवार-रविवारी बोलावलंय. काय काम ते सांगितलं नाही. "आई, तू काय केलास?"

२१ एप्रिल, रविवार

अकराला फोन. अ‍ॅलिस्टर. यूअन आणि वरदा शेजारीच बसले होते.

म्हणाले, "यूअनला काल सांगितलं. आता तुम्हाला सांगतो." अ‍ॅलिस्टरना स्वतःलाच लॉरिमर नवरा-बायकोने चार महिन्यांचे असताना डंडीच्या अनाथालयातून घरी आणलं होतं. एकोणिसाव्या वर्षी आईने सांगितलं. त्यांनी मात्र आजवर कुणालाच नाही. बायकोलाही नाही. त्या पाटीखाली आपण कोण, हे विचारायची त्यांना कधी हिंमत झाली नाही.

 पलीकडे वरदा रडत होती, मराठीत.

त्यांच्या जन्माचे कागद एडिनबरात आहेत. ज्याचे त्याला बघता येतात. इतकी वर्षं ते गेले नाहीत आणि आता जायचं तर डोळे नाहीत. यूअन घेऊन जाणार आहे.

"पण वाचणार तुम्ही, पद्मजा," म्हणाले. हे नाव त्यांना राजीवने सांगितलं असणार.

मी हो म्हटलं.