भोपूचा घसा

५ जानेवारी

गाठच आहे. गळ्यात, उजव्या बाजूला, बोराएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी नाही. काढावी लागेल, आणि लवकर. आवाजाची नस तिला चिकटूनच गेलीय.

"आवाज जाईल?"

"राहीलच असं वचन नाही देता येणार. तुम्ही काय करता?"

कंपनीत आहे म्हटलं. घरचीच कंपनी. काय सांगणार — मी एका लाकडी पोराचा आवाज आहे म्हणून?

येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून हळूच त्याच्या आवाजात म्हणून बघितलं, "ए ढब्ब्या, सरक की!" येतंय. अजून येतंय! शेजारच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

६ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही.

९ जानेवारी

दादाने ऑफिसात बोलावलं. आठ एप्रिलला कंपनीला पन्नास वर्षं होतात. थिएटरच्या दर्शनी भिंतीवर फलक लावायचे, एकेका टप्प्याचा एकेक. "तुला सगळं पाठ आहे, छोटे. तूच लिही." चव्वेचाळीस वर्षांची छोटी!

लिहायला घेतलं. पहिलं वर्ष — बाबा, एक पत्र्याची ट्रंक आणि सुतारमामांनी कोरलेला बाहुला, भोपू. कान पंख्यासारखे, जबडा सुटलेला, तोंड फटकळ. चौथं वर्ष — स्वतःचं थिएटर. नववं — रेडिओ. सव्विसावं — टीव्ही. तेहेतिसावं — बाग, पाळणे, छोटी आगगाडी. आज चाळीस माणसं कामाला आहेत. आईबाप मुलांना घेऊन येतात ते भोपूसाठी. आणि भोपूच्या मागे, पडद्याआड, अठ्ठावीस वर्षं मी. हे बाहेर कुणाला माहीत नाही. बाबांचा नियमच तसा होता — मुलांना वाटलं पाहिजे, भोपू आपला आपण बोलतो.

मी गेले तर भोपू मुका. भोपू मुका तर बाकी काय, पाळणे आणि आगगाडी. ते कुठेही मिळतात.

१४ जानेवारी

दादाच्या लेकीला शिकवायला घेतलंय. कारण सांगितलं नाही, "असू दे तयार" एवढंच. तिला सगळे चिमणी म्हणतात. उंची पावणेसहा फूट. बिचारी जीव तोडून करते. "आत्या, सर्दी झालेल्या बोक्यासारखं येतंय गं माझं." दोघी हसलो. पुन्हा केलं. पुन्हा बोका. विसाव्या वेळी मी तिच्यावर खेकसले — लक्ष कुठेय तुझं, हे काय खेळणं वाटलं का!

खेळणंच आहे म्हणा.

ती रडली. मी नाही रडले. घसा जपायचा होता.

२१ जानेवारी

तेराव्या वर्षापाशी अडलेय.

बाबा गेले ते बारा जूनला, थिएटरच्या जिन्यात, छातीत कळ येऊन. मी सात वर्षांची. आज कात्रणांच्या फायलीत सोळा जूनच्या पेपरातली चार ओळींची बातमी सापडली. आदल्या दिवशी शाळांच्या मुलांसाठी भोपूचा खेळ झाला, मुलांनी थिएटर डोक्यावर घेतलं. म्हणजे बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी! बोललं कोण?

मला लहानपणापासून सांगितलंय, बाबांनंतर बाहेरचा एक कलाकार ठेवला होता. मागच्या दाराने यायचा, मागच्या दाराने जायचा. खेळाच्या वेळी मला मावशीकडे पाठवायचे, म्हणून मी त्याला कधी पाहिलं नाही. नऊ वर्षांनी तो सोडून गेला आणि मला पडद्याआड उभं केलं. रेकॉर्डी ऐकून ऐकून शिकले. आई विंगेत उभी राहून एकच शब्द बोलायची. "चूक."

त्या माणसाचं नाव फलकावर हवं. नऊ वर्षं म्हणजे चेष्टा नाही. दादाला विचारलं. "मला काय ठाऊक? मी पंधराचा. तापाने फणफणलेलो, आपला मामा त्याच्या घरी घेऊन गेला होता. नंतर वसतिगृह." सुतारमामांना विचारलं. त्यांचा रंधा थांबला. "आईला विचार." रंधा पुन्हा सुरू.

२२ जानेवारी

आईला विचारलं.

"तुला दुसरे उद्योग नाहीत का?"

३ फेब्रुवारी

दवाखान्यातून फोन आला तो नेमका ऑफिसात, दादाने उचलला. दहा मिनिटांत थिएटरातल्या माझ्या खोलीत हजर. चेहरा पांढराफटक. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एप्रिलपर्यंत थांबता नाही का येणार?"

सख्खा भाऊ!

पर्स उचलली आणि चालत घरी आले. रस्ताभर कानात तेच. थांबता नाही का येणार. वाईट म्हणजे, हाच प्रश्न मी स्वतः डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलाय.

४ फेब्रुवारी

सकाळी सातला दादा दारात. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. "दोन मार्च. तारीख घेऊन आलोय. मोठ्या सर्जनची."

"बरं."

"काल मी जे बोललो —"

"राहू दे रे."

"राहू कसं देऊ? माणूस आहे की कोण आहे मी?" आणि हा एवढा थोरला गडी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ढसाढसा रडला. मला त्याला चहा करून द्यावा लागला. माझंच दुखणं आणि मीच समजूत घालतेय!

१२ फेब्रुवारी

आता आवाजाचा साठा करायचा, म्हणजे भोपूची वाक्यं टेप करून ठेवायची. साउंडवाला सकाळी दहाला काचेआड बसतो, मी आत. हो. नाही. अरे वेड्या. तुझं नाव काय? वा वा! कान ओढू का? एकेक वाक्य पाच पाच तऱ्हांनी. आज सहाशे झाली.

मग हसू. "ताई, आता खदखदून हसा." हसले. "थोडं मनापासून." पुन्हा हसले. "ताई, जरा खरं वाटू दे."

येईना. तोंड उघडं, आवाज फुटतोय, पण हसू नाही. अठ्ठावीस वर्षं दिवसातून तीनदा हसलेय, समोर पोरं असायची. इथे समोर काच आणि काचेत मी. साउंडवाल्याने हेडफोन काढले आणि पाणी आणायला जातो म्हणून बराच वेळ आलाच नाही. भला माणूस.

१८ फेब्रुवारी

हे लिहून ठेवलंच पाहिजे. जसंच्या तसं.

दुपारी आईकडे गेले. दादाने तिला गाठीचं कालच सांगितलेलं. मटार सोलत बसली होती. तिला आता दिसत नाही फारसं, पण बोटं चालतात. मी समोर बसून सोलायला लागले. अर्धं ताट भरलं. मग ती मान वर न करता म्हणाली, "मी होते."

"कुठे?"

"कुठे काय? पडद्याआड. दुसरं कोण होतं?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पाचशे मुलं येऊन बसली होती. लांबलांबच्या शाळांची, पहाटे उठून आलेली. मी तिकिटाच्या खिडकीत. परत जा म्हणून कुणी सांगायचं? सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. सुताराने बाहुला माझ्या हातात दिला. म्हणाला, वहिनी, तुम्हाला रोज ऐकून येत असेलच."

"आणि आलं?"

"आलं." शेंगा फुटत होत्या. "त्याच्यासारखंच आलं. मुलं हसायला लागली. मग भोपूला हसावं लागतं ना, तिथे... मी हसले. तो जाऊन तिसरा दिवस, आणि मी पोट धरून हसले. आणि तुला खरं सांगू? खोटं नव्हतं ते. मला खरंच हसू आलं होतं."

मी ताटातल्या शेंगा तिच्याकडे सरकवल्या.

"लोकांना कळलं असतं तर काय म्हणाले असते! नवरा जाऊन तीन दिवस नाही झाले, बाई खिदळतेय. म्हणून तो बाहेरचा कलाकार. सुताराने शपथ घेतली, पाळली. लोकांचं सोड. मलाच मी कधी माफ..."

"मग सोडलंस का?"

"एके दिवशी तू मोरीत भांडी घासताना भोपू करत होतीस. मी दाराशी उभी राहून ऐकलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं."

चव्वेचाळीस वर्षांत पहिलं कौतुक. तेही आवाज जायला बारा दिवस राहिले असताना!

मी म्हटलं, तेराव्या वर्षाच्या फलकावर तुझं नाव घालते. ताट बाजूला सारलं तिने. "घाल. मग मी त्या भिंतीसमोरून कधी जाणार नाही."

१ मार्च

उद्या. आरशासमोर बसून भोपूच्या आवाजात सगळ्यांची नावं घेतली. आई, दादा, चिमणी, सुतारमामा. शेवटी माझं. ते नको घ्यायला होतं.

६ मार्च

गाठ निघाली, सगळी. बाकी गळा स्वच्छ आहे म्हणाले. दादाने नर्सच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

आवाज नाही. तोंड उघडलं की नुसती हवा, पंक्चर काढायच्या आधी सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी. सर्जन म्हणतात नस दुखावलीय, तुटलेली नाही. येईल कदाचित. कधी? खांदे उडवले.

१५ मार्च

पाटी घेऊन फिरते. लोक पाटी बघितली की मोठ्याने बोलतात, जणू मी बहिरी आहे. भाजीवाली तर खुणा करते. आज एकीने दादाच्या कानात सांगितलं, हिच्याशी सावकाश बोलत जा.

पाटीवर रागावता येत नाही. लिहून होईपर्यंत राग निघून जातो आणि माणूसही.

२० मार्च

पाटीवर लिहिलं, मोठ्या अक्षरात — तू बोलशील? आठ एप्रिलला?

आईने डोळ्यांजवळ धरून वाचलं. पदराने पुसलं. "नाही."

पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

"नऊ वर्षं केलं तेवढं पुरे. माझ्या मागे लागू नकोस. तुझ्या भोपूला सांग, गप्प बस."

२४ मार्च

आज सकाळपासून उठावंसं वाटत नाही. खोलीच्या भिंती बघतेय. चिमणी दोनदा येऊन गेली. कशासाठी उठायचं, ते कुणी सांगत नाही.

२ एप्रिल

रंगाऱ्याला फलकांचा मजकूर दिला. तेराव्या वर्षात बाबांची तारीख घातली. त्याखाली — "तिसऱ्या दिवशी, पंधरा जून. खेळ झाला." नाव नाही. दादाने वाचलं. त्याला सगळं सांगितलंय मी, चार पानं लिहून. तो म्हणाला, "एवढंच?" मी मान हलवली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, मग पुन्हा काढून रंगाऱ्याला दिला.

८ एप्रिल

थिएटर खच्चून भरलेलं. पंखे लावूनही घामाच्या धारा. आई चौथ्या रांगेत, कडेला. बाहुला माझ्या हातावर, कारण हात तर शाबूत आहेत. विंगेत साउंडवाला बटणांवर आणि शेजारी दादा, कुठलं बटण कधी ते सांगायला.

पहिली पाच मिनिटं ठीक. मग पुढच्या रांगेतली एक दात पडलेली पोरगी उठली. "भोपू, तुला आजी आहे का?"

साठ्यात "आजी" नव्हती. दोन हजार वाक्यं, आणि आजी नाही! दादाने घाईत काहीतरी दाखवलं असणार. भोपू म्हणाला, "वा वा! कान ओढू का?"

मुलं हसली. पोरगी बसली नाही. "आहे का पण?"

"तुझं नाव काय?"

"मगाशीच सांगितलं की!"

मग शांतता. हजार माणसांची. मुलांना कळतं. माझा हात भोपूच्या आत, तोंड पडद्याआड उघडं, आणि नुसती हवा. एवढी लाचार मी ऑपरेशनच्या टेबलावरही नव्हते. वाटलं, संपलं. पन्नास वर्षं इथे संपली, माझ्या हातावर.

आणि विंगेतून एक भसाडा, फुटक्या ढोलासारखा आवाज आला. "भोपूचा घसा बसलाय गं, बाळ!"

दादा! बावन्न वर्षांत स्टेजवर पाऊल न ठेवलेला, सत्काराला दोन वाक्यं बोलायची तरी कागद लागतो असा माझा भाऊ! माझा हात आपोआप हलला, भोपूने गळा धरला. "आइस्क्रीम खाल्लं. सहा!" पोरगी किंचाळली, "स-हा?" आणि थिएटर हशाने फुटलं. दादा बोलत सुटला. काय वाट्टेल ते. मी हातानं त्याच्यामागे धावत होते. त्याचा आवाज फाटायला लागला, खोकला येऊ लागला. तेवढ्यात अंधारात विंगेत कुणीतरी चाचपडत आलं आणि त्याच्या पाठीत रट्टा घातला.

"पोटातून बोल, गाढवा. जीव देतोस का?"

आई.

"आणि तिला सांग, आजी आहे म्हणून."

९ एप्रिल

दादाचा आवाज पूर्ण बसलाय. आता घरात दोन पाट्या.

२७ एप्रिल

सकाळी दूधवाला पातेलं भरून जिना उतरायला लागला. मी म्हटलं, "अहो, अर्धा लिटर जास्त द्या." जाड, पुरुषी, कुणाचा तरी परका आवाज.

तो मागे वळला आणि त्याने दिलं.