वरच्या गजापर्यंत

८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी आहोत, माझी खाट दाराजवळ. नर्सिंगचे वर्ग सोमवारी सुरू झाले. माझ्या चादरीचे कोपरे रोज उसकटून परत घालायला लावतात. शिंप्याची मुलगी असून ही गत.

एक सांगायचं राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी मुंगी माझा पदर सोडेना. मग आम्ही दोघींनी मागच्या खिडकीखाली कुंडीत घेवड्याचं बी लावलं. वेल वरच्या गजाला पोहोचला की आई परत येईल, असं मी तिला सांगितलं. चार वर्षांच्या पोरीला आठ महिने कसे सांगणार? महिना तिला कळत नाही, गज कळतो. तेवढं पाणी घालत जा.

इकडची काळजी करू नका. माझ्या वाटणीचे लाड तिचे करा.

तुमची,
बेबी

८ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं शहाणे, शब्द देण्याआधी बापाला विचारायचंस तरी. घेवडा आहे तो, आंबा नव्हे. दोन महिन्यांत गजाला हात लावेल. रोज सकाळी मी टेप लावून बघतो. आज तीन फूट भरला. वरचा गज सहा फुटांवर आहे.

तुझ्या लेकीने अंगण ताब्यात घेतलंय. दगडांच्या चुलीवर चिखलाचा स्वयंपाक होतो आणि मला तो मिटक्या मारत खावा लागतो. गोगलगाईला शाळेत घातलंय. काल मशीनच्या खणात बॉबिन शोधायला गेलो, तर हाताला गांडूळ लागलं. त्याला ऊन लागत होतं म्हणे.

पण वेलापुढे ती हसत नाही. त्याला पाणी घालते, पानं पुसते, आणि आई कुठवर आली असं मला विचारते. काल दुपारी ती झोपल्यावर मी कात्रीने शेंडा छाटला. तेवढाच उशीर. जन्मभर कात्री चालवली, पण काल चोरासारखी चालवली.

वेळेवर जेव. पत्राला उशीर लावू नकोस.

तुझा,
बाबा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वॉर्डात उभ्या उभ्या वाचलं. हसले, आणि मग मोठ्या बाईंनी डोळ्यांना काय झालं म्हणून विचारलं.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटी आहे. मध्येच निघाले तर पटावरून नाव काढतात, पुन्हा घेत नाहीत. मुंगीला एकटीने वाढवायचं तर हे शिकणं हातचं घालवून चालणार नाही, हे तुम्हीच मला समजावलंत. तरी लहान मुलांच्या वॉर्डात एखाद्या पोरीच्या केसांना मातीचा वास आला, की मला घरी यावंसं वाटतं. फार वाटतं.

तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही. मी खोटारडी ठरू नये, एवढं बघा.

रागवा, पण पत्र लिहीत राहा.

तुमची,
बेबी

७ मार्च

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

छाटलेल्या शेंड्याखाली दोन फुटवे फुटले आणि त्यातला एक काल गजाला पोहोचला. मुंगीने स्वतःच बूट घातले, उलटसुलट, आणि पुढच्या पायरीवर जाऊन बसली. मांडीवर तुझं ताट, त्यात चिखलाचं जेवण. दिवे लागेपर्यंत उठली नाही. जेवण पार सुकलं.

शेवटी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. आईला झाडातलं काही कळत नाही, ती खोटं बोलली नाही, तिचं माप चुकलं. हे तिने ऐकून घेतलं. पण शेंडा मी छाटला म्हटल्यावर जी रडली. आईला मागे का ढकललंस, असं मला विचारलं.

आज सकाळी तिने कात्री माझ्या मशीनखाली लपवली. मग आम्ही हिशोब बसवला, की आई यायला असे चार वेल लागतात. एक झाला. उरलेल्या तीन बिया बटणांच्या डबीत ठेवल्या, त्यातली एक तिने आत्ता लावली. टेप आता तिच्याच गळ्यात असतो.

तुझी जागा या घरात कुणी घेत नाही, हे ध्यानात ठेव. अभ्यास कर.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट बंद करायचं ठेवलं होतं, ते आठवडाभर राहिलं. आज कोंब वर आला. मुंगीने टेप लावला आणि कुंपणाशी जाऊन शेजारणीला सांगून आली, की आमची आई आज दोन बोटं आली.