कल्डावेरेत आत्ता किती माणसं

सोमवार, २ जून. सकाळी ८.१०
नोकरीचा पहिला दिवस. नगरपालिकेत मला एक टेबल, 'कायदी' अशी माझ्या नावाची पाटी, एक संगणक आणि एक खिडकी मिळाली. खिडकी मी मागितली नव्हती. नोंदवून ठेवते.

काम असं: कल्डावेरे शहरात या घडीला किती माणसं आहेत, ते मोबाइल फोनवरून मोजायचं. शहराचे शंभर-शंभर मीटरचे चौकोन पाडलेत. कुठल्या चौकोनात किती फोन, आणि त्यांवरून कधी कॉल किंवा संदेश गेले, ते मोबाइल कंपनी दर तासाला कळवते. नावं नाहीत, नंबर नाहीत. जो फोन बहुतेक रात्री शहरात झोपतो, तो इथला रहिवासी.

सरकारी नोंदीत आमची लोकसंख्या ९,१४० आहे. आरोग्य खात्याने कळवलंय की जूनमध्ये रोज रात्री सरासरी दहा हजार माणसं शहरात असतील, तरच दुसरी अँब्युलन्स इथे राहील. अहवाल २७ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत.

दुसरी अँब्युलन्स माझी आई चालवते.

हे मी नेमणुकीआधीच नगराध्यक्ष उलार साहेबांना लेखी कळवलं होतं. साहेब म्हणाले, "कल्डावेरेत प्रत्येकाची आई कुठे ना कुठे नोकरीला आहे, कायदी. मी काय आता अनाथ शोधत बसू?"

निश्चय: एकाही फोनच्या मागे लागायचं नाही. तो कुणाचा, काय करतो, हे बघायचं नाही. आकडा आवडो न आवडो, आहे तसा लिहायचा.

संध्याकाळी ५.००
पहिला आकडा: १०,३१२! मी तीनदा तपासला. वाईट आला असता तरी तीनदाच तपासला असता.

शनिवार, ७ जून
सरासरी १०,०९०. ऊन पडलंय. लोक नदीपलीकडे पायुपेरेला, आपापल्या बागेतल्या घरांत राहायला जाऊ लागलेत. पायुपेरे आमच्या हद्दीत येत नाही.

काळजीचं कारण नाही. पाऊस येईलच.

आईने विचारलं, "काय गं, आहे का माझी नोकरी?" मी म्हटलं की चालू मोजणीबद्दल मला घरात बोलता येत नाही. आई म्हणाली, "बरं बाई. मग मीठ तरी दे. की त्याचंही गुपित आहे?" आमच्या घराण्यात विद्यापीठात गेलेली मी पहिली. तिला हे नियम कसे माहीत असणार.

मंगळवार, १० जून. दुपारी
पाऊस नाही. सरासरी ९,९५४.

शांतपणे विचार केला. 'बहुतेक रात्री' ही अट मुळात अन्यायाची आहे. जो माणूस पायुपेरेला झोपतो, पण तीन दिवसांतून एकदा शहरातल्या घरी कपडे धुवायला येऊन राहतो, तो कुठला? कपडे जिथे धुतले जातात तिथला. म्हणून आजपासून 'तीनातली एक रात्र' पुरे. हा आकड्यातला बदल नाही, व्याख्येतला आहे. दोन्हींत मोठा फरक असतो.

नवी सरासरी: १०,१४०.

गुरुवार, १२ जून
साहेबांनी नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर दिव्यांचा फलक लावून घेतला. 'कल्डावेरेत आत्ता', आणि खाली माझा आकडा. दर तासाला बदलतो. बेकरीतल्या बाईने मला थांबवून विचारलं, तिने शहरात पाऊल टाकलं की एक वाढतो का? मी तिला अंदाज आणि त्रुटी यांबद्दल वीस मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "मी फक्त गंमत केली, बाळा."

कंपनीच्या माहितीपुस्तकाची बत्तीस पानं वाचून झाली. एकूण सेहेचाळीस. मध्ये कुणी हाक मारली की मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करते. अर्धवट वाचणं मला जमत नाही. त्यामुळे शेवटच्या परिशिष्टापर्यंत अजून पोचले नाही.

सोमवार, १६ जून. सकाळी
विलक्षण शोध लागला.

शहरात १,१०४ फोन असे आहेत, जे जागचे हलत नाहीत. दुकानात नाहीत, चर्चमध्ये नाहीत, पायुपेरेला तर नाहीतच. कुणाला फोन करत नाहीत. त्यांना कुणी करत नाही. रोज पहाटे तीन वाजता प्रत्येकातून एकच छोटा संदेश जातो, आणि पुन्हा दिवसभर शांतता.

दुपारी
नक्की कोण आहेत ते बघायचा मोह झाला. पण निश्चय म्हणजे निश्चय. मी खोलात गेले नाही.

संध्याकाळी
खोलात न जाता उत्तर सापडलं. हे एकटे राहणारे म्हातारे लोक आहेत. पहाटे तीनला झोप उडते. दूरच्या मुलाला दोन शब्द पाठवतात. मुलगा उत्तर देत नाही.

मला रडू आलं. रडून झाल्यावर पाहिलं, सरासरी १०,१२० होती.

बुधवार, १८ जून
अहवालाचा कच्चा मसुदा साहेबांना दिला. 'खिडकीशी बसलेले अकराशे चार' असा एक परिच्छेद आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "आणि मी इथे कारंज्याच्या रंगावरून भांडतोय!" त्यांनी लगेच राजधानीत, टालिनला, आरोग्य खात्याच्या हेल्वे बाईंना मसुदा पाठवून दिला. मसुदा कच्चा आहे असं मी म्हणणार होते. पण त्यांचे डोळे ओले होते.

शुक्रवार, २० जून
साहेबांचं ठरलं: सोमवारी यानच्या रात्री, उन्हाळ्यातल्या शेकोट्यांच्या मोठ्या सणाला, या लोकांना एकटं ठेवायचं नाही. सगळं शहर शेकोट्यांना जाणार, आणि ही माणसं बंद घरात? नगरपालिकेतर्फे प्रत्येकाला बटाट्याचं सॅलड आणि माशाचा एक पाव. अकराशे चार डबे. घरं कशी शोधायची, एवढाच प्रश्न. माझ्याकडे पत्ते नाहीत, फक्त चौकोन आहेत. सगळ्यात दाट चौकोन लिंडा रस्त्यावरच्या पाच मजली इमारतीचा. एका जिन्याशी साठ.

आईला सांगितलं. तिची त्या रात्री ड्यूटी आहे. ती म्हणाली, "लिंडा रस्त्यावर साठ एकट्या म्हाताऱ्या? वीस वर्षं गाडी चालवतेय मी. अशा म्हाताऱ्या आठवड्यातून दोनदा तरी बोलावतात. यांनी एकदाही नाही बोलावलं?" मी म्हटलं, भिडस्त असतील. आईने ताटं उचलली. मग म्हणाली, "बरं. काम नसलं तर मी स्वतः डोकावून येते. तू लिहिलंयस म्हणजे असेल."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

सोमवार, २३ जून. रात्री ९.००, अजून उजेड आहे
रस्त्यावर चिटपाखरू नाही. फलकावर: १,१६३. यातले १,१०४ ते. राहिलो आम्ही एकोणसाठ. यानच्या रात्री घरात बसणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आजारी माणसालासुद्धा खुर्चीत घालून शेकोटीपाशी नेतात. आणि इथे अकराशे चार.

फलक सोडून घरी जाववत नाहीये. दयेमुळे असावं.

मंगळवार, २४ जून. सकाळी
आई ड्यूटीवरून आली. बूट न काढता स्वयंपाकघरात बसली.

"भेटले गं मी त्यांना," म्हणाली. "जिन्याखालच्या कपाटात होत्या. साठच्या साठ, भिंतीला टांगलेल्या. दिवे लुकलुकत होते. सॅलड कुणीच घेतलं नाही."

विजेचे मीटर. नवे. प्रत्येकात एक सिमकार्ड. पहाटे तीनला रीडिंग पाठवतात.

मी म्हटलं की ती एकच इमारत झाली, बाकीच्या ठिकाणी माणसं असू शकतात. आई म्हणाली, "पुढचं ऐक." ती कपाटासमोर डबे घेऊन उभी असताना पायुपेरेहून फोन आला. शेकोटीवरून उडी मारताना एकाचा पाय मोडला होता. पहिली अँब्युलन्स शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकलेली. आई पूल ओलांडून पोचली तोवर चाळीस मिनिटं झाली होती.

पाय साहेबांचा होता.

"तिथे चार हजार माणसं नाचत होती, कायदी," आई म्हणाली. "आणि मी इकडे मीटरना सणाच्या शुभेच्छा देत होते."

बुधवार, २५ जून. सकाळी
परिशिष्ट वाचलं. पहिली ओळ: 'या आकड्यांतून मीटर, कुलपं, गजर इत्यादी यंत्रं वगळलेली नाहीत.' ओळ ठळक अक्षरांत आहे.

यंत्रं वगळून सरासरी: ९,०१४. 'बहुतेक रात्री'ची जुनी अट परत लावली तर: ८,३९०.

दुपारी
एक विचार. मीटर असतो तिथे घर असतं. घर असतं तिथे माणूस असतो. म्हणजे मीटर मोजणं हे एका अर्थी माणूस मोजणंच. हे कुठेतरी लिहून ठेवावं.

संध्याकाळी
लिहिलं. वाचलं. फाडलं.

गुरुवार, २६ जून
साहेबांना दवाखान्यात भेटले. पाय वर टांगलेला. मी सगळं सांगितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे खिडकीशी कुणीच बसलेलं नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांना पायापेक्षा तेच जास्त दुखलेलं दिसलं. मग म्हणाले, "अहवाल तुझा आहे. सही तुझी. मी गुंगीत आहे असं समज." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी आईला विचारलं, आकडा खरा लिहिला तर तुझं काय होईल? ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "मला विचारू नकोस. मला विचारून लिहिलंस तर तो माझा आकडा होईल." थोड्या वेळाने म्हणाली, "गाडीचं कर्ज नाही, काही नाही. माशांच्या कारखान्यात माणसं हवीच असतात." मागे एकदा ती तिथे होती. हातांचा वास रविवारीसुद्धा जायचा नाही.

रात्रभर जागी. पहाटे तीनला मीटरची आठवण झाली.

शुक्रवार, २७ जून. सकाळी ९.००
दोन अहवाल तयार आहेत. एकात १०,११८. एकात ८,३९०.

दुपारी १२.३०
पहिल्यात एकही वाक्य खोटं नाही. सगळी खरी आहेत, फक्त शेजारी-शेजारी ठेवल्यावर खोटी होतात.

४.१५
दोन्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचले.

४.५६
दुसरा पाठवला. सोबत तीन पानी कबुली. फोन खरोखर कुठे झोपतात त्याचा तक्ता जोडला, पायुपेरेसकट. काही लपवल्यासारखं वाटायला नको.

मी आईची नोकरी घालवली. घरी जाताना नदीकाठाने लांबचा रस्ता धरला.

सोमवार, ३० जून
हेल्वे बाईंचा फोन. मी कबुली पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्यांनी मध्येच थांबवलं. "अहो, मीटर आम्ही इकडेच वजा करतो. दरवर्षी सगळीच शहरं मीटर पाठवतात. त्यांच्यावर निबंध लिहून पाठवणारं तुमचं पहिलंच. खिडकीचा परिच्छेद आमच्या इथे सगळ्यांनी वाचला. दोघीजणी रडल्या."

मग माझी पंचवीस दिवसांची धडपड? त्या म्हणाल्या, त्याने काही फरक पडला नाही. पडला तो शेवटच्या तक्त्याने. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतली धरून चार हजार माणसं पायुपेरेला झोपतात आणि तिथे अँब्युलन्सच नाही, हे आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. उद्यापासून दुसरी अँब्युलन्स तिकडे. चालक त्याच.

म्हणजे आईची नोकरी मी वाचवली! आणि कल्डावेरेची अँब्युलन्सही मीच घालवली. दोन्ही एकाच कागदाने.

मंगळवार, १ जुलै
आईने सकाळी पिशवी भरली. उन्हाळाभर तिला तिथेच खोली मिळणार आहे. दारात म्हणाली, "चार हजार शेजारी मिळवून दिलेस गं मला. आता जेवत जा वेळेवर." पूल ओलांडल्यावर तिने गाडीचा भोंगा वाजवला. नियमात बसत नाही ते.

साहेब कुबड्या घेऊन कामावर आले. माझ्याशी सभ्यपणे बोलले. त्याची जास्त भीती वाटली. बेकरीतली बाई म्हणाली, "आमची गाडी घालवलीस म्हणे?" या वेळी ती गंमत करत नव्हती.

फलकावरची माणसं साहेबांनी बंद करायला सांगितली. फलकाचे पैसे भरलेले आहेत, म्हणून उद्यापासून त्यावर तापमान दाखवायचं. त्याच्या अचूकतेची जबाबदारी माझ्यावर. तापमापक दुपारीच लावून घेतला. निश्चय केला: जे असेल ते लिहायचं.

आत्ता चौदा दाखवतोय.

मला जरा कमी वाटतंय.