कोटातला मुलगा आमचा नव्हे

मी, खाली सही करणारा, धंद्याने फोटोग्राफर, बायको वारलेली, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचंही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. अक्षर हलतंय ते वयामुळे, भीतीमुळे नव्हे.

१. स्टुडिओ, वरची राहती खोली आणि बँकेतली ठेव यांचे दोन सारखे हिस्से करावेत. एक मुलीचा, चिमीचा. दुसरा तिच्या थोरल्या भावाचा, टिल्याचा. टिल्या सात वर्षांचा असताना बाजारात हरवला, तो अजून सापडलेला नाही. तो येईपर्यंत त्याचा हिस्सा चिमीने राखावा. "बाबा, कोर्टाकडून त्याला मयत ठरवून घ्या, कागद मोकळे होतील," असं जावईबापू भरल्या ताटावर म्हणाले. जावईबापू, माझ्यामागेही कुणी तसं करायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही.

२. स्टुडिओतला काळा मखमली कोट जाळावा. अख्ख्या वस्तीच्या पोरांनी तोच घालून फोटो काढले. पावडर, भांग, हनुवटी वर, हलू नकोस! टिल्याचेही सगळे तसलेच. हवालदाराने विचारलं, "घरच्या कपड्यातला नाही का हो एखादा?" नव्हता. लोकांच्या पोरांचे फोटो काढून पोट भरलं, आणि स्वतःच्या पोराचा एक धड फोटो नाही! मग भिंतीभिंतींवर कोटातलाच चिकटवला. बाया बघायच्या, "अगं बाई, आमच्या बाळाचाही अस्साच आहे!" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. बायकोने त्यानंतर मला 'अहो' म्हणून हाक मारणं सोडलं.

३. कॅमेरा चिमीला. पोरांचे फोटो काढायला मी शिकलो ते तिच्यावर, आणि फार उशिरा. चिमी, गुडघे टेकून बसायचं. 'हस' म्हणायचं नाही. पोर भांडत असेल, बूट उलटे घालत असेल, नाक बाहीला पुसत असेल, तेव्हा काढायचा, केस विंचरायच्या आत. वाढदिवसाचे जावईबापूंना काढू दे, त्यांना तेवढंच जमतं.

४. कुणी माणूस 'मी टिल्या' म्हणत आला, तर ताडून बघायला कोटातला फोटो बाहेर काढू नये. कपाटातल्या पिवळ्या पाकिटात चिमीचा लहानपणीचा फोटो आहे. मोरीपाशी दात घासतेय, फेस कोपरापर्यंत आलाय, आणि एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने पोटरी खाजवतेय. काढताना माझ्या काही लक्षात आलं नाही. धुऊन वर आणल्यावर बायकोने हातात घेतला आणि ओरडलीच, "अहो, हा तर आपला टिल्या!" तो अस्साच उभा राहायचा. त्याचं बघूनच चिमीने उचललेलं.

म्हणून आलेल्या माणसाला लगेच बसा म्हणू नये. दारात थोडा वेळ उभं राहू द्यावं आणि पायांकडे बघत राहावं. 'हलू नका' असं मात्र त्याला कुणी म्हणू नये.

हे सगळं समोरच्या औषधवाल्यांनी पार पाडावं.

ठिकाण: स्टुडिओवरची खोली
दिनांक: १४ जून
सही

साक्षीदार:
१. समोरचे औषधवाले (सही)
२. शिंपीदादा (सही). कोट मी शिवला होता. मीच जाळीन.