बॉनेटवरचा मळ

२ जानेवारी
संकल्प: गाडी. (काल सुट्टी होती, म्हणून आजपासून.) पद्मिनीचा लाल रंग खाऱ्या वाऱ्यानं पार पांढुरका पडलाय. बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी येते. शेजारच्या सोनाबाईच्या हेमालीचं लग्न १६ फेब्रुवारीला. नागावात आमच्या आळीतली प्रत्येक मुलगी सासरी गेली ती माझ्या पद्मिनीतून, आणि चालवायला मी. प्रथाच आहे. शेवटची कोण गेली ते आठवत नाही. माझी बायको जयमाला तेव्हा होती, मागच्या सीटवर नवरीचा शालू सांभाळायला. सोनाबाई गाडीबद्दल अजून काही बोलली नाही. गडबडीत असेल.

५ जानेवारी
पॉलिशचा व्हिडिओ पाहिला. हल्लीच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो म्हणे, क्लिअरकोट. जुन्या गाड्यांना तो नाही, वरपासून खालपर्यंत नुसता रंग. म्हणजे आपली गाडी प्रामाणिक. फडक्यावर लाल आलं तर घाबरू नका, व्हिडिओवाला म्हणाला. पुढं जाहिरात लागली, बंद केला. समजलं सगळं.

९ जानेवारी
अलिबागहून रबिंग कंपाउंड आणलं. दुकानदार म्हणाला, गाडी अजून आहे? अजून म्हणजे काय? बॉनेट घासायला घेतलं. फडकं लालभडक. केवढा हा मळ! घाबरलो नाही. संध्याकाळी बॉनेटमध्ये माझं तोंड दिसलं. दाढी करायला हवी.

१४ जानेवारी, संक्रांत
दुपारपर्यंत तिळगूळ घेऊन कोणी आलं नाही. बरंच झालं, हात कंपाउंडचे होते. चार वाजता सोनाबाई आली. दोरीवरची फडकी बघून म्हणाली, दादा, मळ कसला, गाडीचा रंगच येतोय हो फडक्याला. तिला पेंटमधलं काय कळतंय? लाडू मात्र छान होते. दोन ठेवून गेली. एक जयमालाच्या फोटोपुढं ठेवला, रात्री तोही मीच खाल्ला.

२२ जानेवारी
सोनाबाई पत्रिका घेऊन आली. मनात म्हटलं, आली एकदाची गाडी मागायला. पण ती म्हणाली, दादा, मला भाऊ न्हाय, हेमाली लहानपणापासून तुम्हालाच मामा म्हणते, तर मामा म्हणून तुम्हीच उभं राहा. तिचा हात धरून मंडपात आणायचं, मंगलाष्टकं होईस्तोवर पाठीमागं थांबायचं. हो म्हटलं. त्यात काय मोठं, उभं तर कोणीही राहील. गाडीचा विषय तिनं काढला नाही. न बोलता ठरलेलंच आहे.

३० जानेवारी
घासून झालं की वॅक्स लावा, असं डब्यावर लिहिलंय. नारळाच्या गावात राहून वॅक्स कशाला? खोबरेल लावलं. अप्रतिम चकाकी.

३१ जानेवारी
गाडीला मुंग्या.

७ फेब्रुवारी
बॉनेटच्या मधोमध करडा डाग. खोलवरचा मळ दिसतोय. जोर लावला.

८ फेब्रुवारी
डाग पोळपाटाएवढा झाला. तो व्हिडिओ पुढं पाहिला. हलक्या हातानं करा, थोडा रंग आला की थांबा, करडं दिसलं तर तो प्रायमर, तिथला रंग संपला. हे सगळं जाहिरातीनंतर! महत्त्वाचं आधी सांगायची पद्धतच राहिली नाही लोकांत.

११ फेब्रुवारी
मार्ग सापडला. नवरीच्या गाडीला बॉनेटवर फुलं लागतातच. झेंडू सांगून ठेवला. डाग झाकणार, उलट भरगच्च दिसणार. ब्लेझर उन्हात टाकला.

१५ फेब्रुवारी
शेजारी हळद. हेमाली स्वतः बोलवायला आली होती. म्हटलं, हात लाल आहेत, उद्या येतोच. शिवाय गर्दी मला झेपत नाही. इथं खिडकीत बसून सगळं ऐकू येतं, डीजेसुद्धा. आळीतली सगळी माणसं तिकडं. भात वाढून घेतला, तसाच झाकून ठेवला. ऊठ आणि जा, असं शंभरदा वाटलं. मग टायर पुसले.

१६ फेब्रुवारी, सकाळी १०
ब्लेझर घातला. मुहूर्त ११.४२ चा. माळा बॉनेटवर थांबत नाहीत. तेलामुळं खाली घसरतात. सुतळी बांधतोय.

११.२०
सोनाबाईचा निरोप, मामाला बोलावलंय. आलोच म्हटलं.

११.३५
पुन्हा निरोप. दोन मिनिटं! डाग उघडा टाकून कसा येऊ? नवरी बसणार आहे या गाडीत. मंडप काय, हाकेवर आहे.

११.५०
लाउडस्पीकरवर 'सावधान' झालं. मग टाळ्या, मग बँड. फुलं आता नीट बसलीत.

संध्याकाळी
हेमाली गेली. नवऱ्याकडच्यांनी पांढरी गाडी आणली होती, सनरूफवाली. मी पद्मिनीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. निघताना ती इथवर आली, पाया पडली. म्हणाली, मामा, तुम्ही आलाच न्हाय. मी बॉनेटकडं हात केला. ती म्हणाली, गाडी कोणी मागितली होती, मामा? मग रडली. मुली सासरी जाताना रडतातच, असं मी मघापासून स्वतःला सांगतोय.

२० फेब्रुवारी
सोनाबाई मोबाइलवर फोटो दाखवायला आली. रागावली असती तर बरं झालं असतं. हेमाली शालूत, समोर अंतरपाट. तिच्या पाठीमागं मामाच्या जागी मंडपवाला उभा आहे. मुहूर्त टळत होता, हाताशी जो सापडला त्याला उभं केलं, म्हणाली. त्याच्या डोक्यावर तयार फेटा, पार भुवयांखाली उतरलेला. मी म्हटलं, फेटा फारच मोठा झालाय त्याला. सोनाबाई म्हणाली, व्हय दादा, तुमच्या मापाचा घेतला होता.