सात सर्जन आणि माझी गाठ

प्रिय दीपाआक्का,

आज लिहितो, उद्या लिहितो म्हणत तीन आठवडे घालवले, रागावू नको. फोन केला असता, पण तुझा फोन घरात सगळे मिळून ऐकतात. तुझी उजवी कूस अजून दुखते का गं? हे पत्र बिभीषणच्या हाती देतोय. तुझ्या सासूचा, गोजरमामींचा भाचा, उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडलेला. तो माझ्याच दवाखान्यात निघाला! आज त्याला सोडतायत.

हो, मी दवाखान्यात आहे, पण घाबरू नको, गंमत ऐक. भवानी पेठेजवळ सात सर्जनांनी मिळून एक दवाखाना काढलाय. मी हुबळीहून ट्रकनं आलो होतो, पुढं हैदराबादला घोड्यांच्या तबेल्यात काम मिळणार होतं, तिथं एक पांढरी घोडी आहे म्हणे... जाऊ दे. उजव्या बरगडीखाली लई दुखायला लागलं. मला वाटलं, आपल्या मेंढरांतल्या एडक्यानं कधीतरी दिलेली धडक असणार, म्हणून हाडांच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, "हाड ठणठणीत हाय की लेका! वर जा." वर मुतखड्याचे डॉक्टर. तेही म्हणाले, "माझा न्हाईस तू."

आक्का, मला वाटायचं सर्जन म्हणजे एकच माणूस सगळं कापतो. इथं एक जण फक्त लहान लेकरांची ऑपरेशनं करतो, त्याच्या दारावर माकडं रंगवलीत. एक मेंदू आणि मणक्याचा, तो कुणाशी बोलतच नाही. एक नुसता पायाच्या फुगलेल्या नसांचा. आणि एक तर भाजलेल्या माणसाला त्याच्याच मांडीची कातडी बसवतो! चादरीच्या कारखान्यातल्या शांतम्माचा हात मी स्वतः बघितला. ती मला तेलुगूत शिव्या देते आणि वर शेंगाचटणीही देते. कसली झणझणीत!

दुपारी हे सगळे एका टेबलाभोवती चहा पितात आणि अवघड पेशंटचे फोटो दिव्यावर लावून भांडतात. माझाही फोटो लागला. मी दारातून बघत होतो, सातही जण माझ्या पोटावर बोलतायत! मग पोटाच्या सर्जन दाक्षायणी मॅडम बाहेर आल्या आणि एवढंच विचारलं, "घरी मेंढरं हायत का रं? आणि कुत्री?"

मी चाट पडलो. आठवतं का, आप्पा मेंढरू कापायचे तेव्हा काळजात पाण्याचे फुगे निघायचे, आणि ते आपणच कुत्र्यांना टाकायचो? त्यांच्या उड्या बघून हसायचो. त्या फुग्यांत जंत असतात गं. ते कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या केसांना लागतात, तिथून आपल्या हाताला आणि तोंडात. मग वर्षानुवर्षं आपल्या काळजात, मॅडमच्या भाषेत लिव्हरमध्ये, तसलाच फुगा वाढतो. माझा नारळाएवढा झालाय! तीन आठवडे गोळ्या झाल्या, उद्या सकाळी काढणार. आत फुटू द्यायचा नाही, एवढंच अवघड, असं मॅडम म्हणतात. भीती वाटतेय, पण बघायची उत्सुकता त्याहून जास्त आहे.

आता लिहायचं कारण सांगतो. मॅडम म्हणाल्या, त्या कुत्र्यांबरोबर वाढलेल्या सगळ्यांची सोनोग्राफी करा. आक्का, तू, मी आणि ती कुत्री एकाच घोंगडीत झोपायचो. तुझंही उजवीकडंच दुखतं. गोजरमामी त्याला कामचुकारपणा म्हणतात आणि तू ऐकून घेतेस. ते नाटक नाही, आक्का. भांडण झालं तर होऊ दे, पण ये.

अगं थांब! दारात गोजरमामीच उभ्या आहेत, बिभीषणला न्यायला आल्यात. मला खाटेवर बघून म्हणतात, "आरं बिरदेवा, तू हितं कुटं?" मी सगळं सांगितलं. मामी तडक बाहेर पडल्या. आणि आता जिन्यात मॅडमना अडवून विचारतायत, "आमच्या सुनंचं बी हितंच दुखतंय वो. तिला उद्या आणू का परवा?"

तुझाच,
बिरू
(खाट नंबर अकरा)