पहिल्या धारेतला सरडा

बाबूजी, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज कॉलेजचं कपाट आवरताना एक जुनी स्लाइड हाती आली. सरड्याच्या आतड्यातले दोन जंत, दोऱ्याच्या तुकड्यांएवढे, अजून शाबूत. पोरी मायक्रोस्कोपभोवती गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, हा सरडा कुणी आणला होता?" मी लेबलावर बोट ठेवलं. तिथं माझं नाव आहे.

झुडपी जंगलातल्या सरड्यांचे जंत हा माझा विषय आहे, हे कळल्यावर तुम्ही किती हसला होतात. "लोकायच्या पोरी माणसायच्या डाक्टर होतेत, तू सरड्याच्या पोटात काय पाहून राहिली वो?" पण आमगावच्या सडकेवर, धानाच्या शेताच्या धुऱ्यावर मेलेला सरडा दिसला की सायकलवरून उतरायचात तुम्हीच. मी फोनवर सांगितलं होतं, सरडा स्पिरिटमध्ये बुडवा, कुठं सापडला ते पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आत टाका. गावात स्पिरिट कुठलं? सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेले तुम्ही, भर दुपारी मोहाची दारू गाळणाऱ्या बाईच्या दारात जाऊन उभे राहिलात. म्हातारा बिघडला, असा गावभर बभ्रा झाला.

दिवाळीत मी आले तर ओसरीवर सात बाटल्या रांगेनं मांडलेल्या. पहिलीचं झाकण काढलं आणि कुजका वास आला. पोट चिरल्याशिवाय दारू आत पोचत नाही, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी आणि ओरडले तुमच्यावर. "सगळे सडवलेत! नीट न विचारता कशाला करता?" तुम्ही एक बाटली उचलून उजेडात धरलीत. "पहिल्या धारेची होती वो बाई. काऊन सडलं असन?"

तुम्ही शेतावर गेल्यावर मी एकेक बाटली उकिरड्यावर ओतली. सातव्या बाटलीतल्या सरड्याचं पोट कुत्र्यानं फाडलं होतं. दारू आत भिनली होती, जंत जसेच्या तसे. चिठ्ठीवर तुमचं अक्षर: "तिसऱ्या पळसाखाली, सकाळी, कुत्र्याच्या तोंडून सोडवला." ती बाटली मी पिशवीत लपवली; ही स्लाइड तिच्यातलीच. तुम्हाला मात्र सांगितलं नाही. पुढं तुम्ही कधीच सरडा उचलला नाही. फोनवर मात्र सांगायचात, "आज एक दिसला होता, पण म्या हात नाही लावला." शाबासकी मागावी तसं सांगायचात, आणि मी ती द्यायचे.

सडक आता रुंद झाली. तिसरा पळस कुठला, ते कुणालाच सांगता येत नाही. तरी त्या सडकेवर मी दर खेपेला गाडी हळू करते. तुमची फार आठवण येते, बाबूजी.

आज लेबल बदललं. पेन्सिलीनं तुमचं नाव लिहिलं. हा कागदही त्या स्लाइडशेजारीच ठेवून कपाट लावणार आहे. "मंग तवाच काऊन नाही सांगतलं?" असं तुम्ही विचाराल. घाईत राहून गेलं, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. त्या दिवशी मी तुमच्यावर इतकी ओरडले होते, की एकही सरडा चांगला निघालेला मला नको होता.